कोण कुठल्या गटात गेलं, आणि का? सहसंबंध आणि कारण यांतला फरक

१९८५ साली अमेरिकेतल्या नर्सेसच्या एका मोठ्या अभ्यासाचे आकडे प्रसिद्ध झाले. पाळी कायमची थांबलेल्या ३२,३१७ नर्सेस त्यात होत्या. काही जणी हॉर्मोनच्या, मुख्यतः इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेत होत्या, काहींनी त्या कधीच घेतल्या नव्हत्या. गोळ्या चालू असलेल्या नर्सेसमध्ये हृदयविकाराचं प्रमाण कधीच न घेतलेल्यांच्या निम्म्याहूनही कमी निघालं.

पुढे असे बरेच अभ्यास आले. सगळ्यांचा सूर एक नव्हता. नर्सेसचा अभ्यास ज्या अंकात छापला होता, त्याच अंकात फ्रॅमिंगहॅम गावातल्या अभ्यासाचा उलटा निष्कर्षही होता. पण बहुतेकांचं माप गोळ्यांच्या बाजूने झुकत होतं. १९९१ साली सगळे अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला, तेव्हा गोळ्या घेणाऱ्या बायकांचा हृदयविकाराचा धोका साधारण ४४ टक्क्यांनी कमी दिसला. शरीरशास्त्रातही ते बसत होतं. पाळी चालू असेपर्यंत बायकांना हृदयविकार पुरुषांच्या मानाने कमी होतो आणि पाळी गेल्यावर वाढतो. इस्ट्रोजेनने कोलेस्टेरॉलचे आकडे सुधारतात, हेही माहीत होतं. लाखो बायकांना या गोळ्या लिहून दिल्या गेल्या. अंगातून वाफा येणं, झोप न लागणं हे त्रास कमी व्हावेत हा एक हेतू, आणि हृदय सुरक्षित राहील हा दुसरा.

मग चाचणी झाली. १६,६०८ अमेरिकन बायकांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटणी केली. एका गटाला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (दुसऱ्या एका स्त्री-हॉर्मोनसारखं औषध) यांची गोळी, दुसऱ्याला हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. आपल्याला कुठली मिळते आहे हे त्या बाईला ठाऊक नाही, तिला तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. जुलै २००२ मध्ये, सरासरी ५.२ वर्षांनी, ही चाचणी ठरल्याआधीच थांबवावी लागली, कारण स्तनांच्या कर्करोगाचं प्रमाण आधी आखून ठेवलेल्या मर्यादेपलीकडे गेलं होतं. हृदयविकाराचं काय झालं? औषध नसलेल्या गटात वर्षाला दर १०,००० बायकांमागे ३० जणींना तो झाला, औषधाच्या गटात ३७ जणींना. फरक छोटा, पण दिशा उलटी. २००४ मध्ये नुसत्या इस्ट्रोजेनची चाचणीही थांबली. तिच्यातही हृदयाला फायदा दिसला नाही.

आधीच्या अभ्यासांत कुणी खोटे आकडे लिहिले नव्हते. गोळ्या घेणाऱ्या बायकांना हृदयविकार खरोखरच कमी होत होता. गोळ्या आणि निरोगी हृदय या दोन गोष्टी एकत्र आढळत होत्या. संख्याशास्त्रात याला सहसंबंध म्हणतात. चूक झाली ती त्याला कार्यकारणभाव समजण्यात, म्हणजे गोळीमुळे हृदय निरोगी राहतं असं धरून चालण्यात.

या फरकावर बोलताना बहुतेक लेख एक सूत्र सांगून थांबतात: सहसंबंध म्हणजे कारण नव्हे. ते सूत्र खरं आहे, पण त्याने वाचकाच्या हाती फारसं काही लागत नाही. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांच्यातही आधी सहसंबंधच दिसला होता आणि तिथे कारण खरंच होतं. मग कुठला सहसंबंध मानायचा आणि कुठला सोडून द्यायचा? माझ्या मते यासाठी एकच प्रश्न सर्वांत जास्त उपयोगी पडतो. तुलना केलेल्या दोन गटांमधली माणसं त्या त्या गटात पोचली कशी?

नर्सेसना हा प्रश्न लावून पाहा. १९८० च्या दशकात पाळी गेल्यावर हॉर्मोनची गोळी कोण घेत होतं? जिला नियमित डॉक्टरकडे जायची सवय होती ती. जिला औषधाचा खर्च परवडत होता ती. अमेरिकेत गोळी घेणाऱ्या बायका सरासरीने जास्त शिकलेल्या, सुस्थितीतल्या, कमी वजनाच्या, जास्त व्यायाम करणाऱ्या होत्या. शिवाय आधीच गंभीर आजारी असलेल्या बाईला डॉक्टर अशी गोळी सहसा सुरू करत नाहीत, आणि प्रकृती बिघडली की अनेक जणी ती सोडून देतात. म्हणजे ‘गोळी घेणाऱ्या’ या गटात गोळीचा परिणाम सुरू व्हायच्या आधीच निरोगी बायकांची भरती झालेली होती.

संशोधकांना हे कळत नव्हतं असं नाही. वय, सिगारेट, वजन, रक्तदाब यांतले फरक त्यांनी गणिताने वजा केले होते. पण मोजलेलंच वजा करता येतं. स्वतःच्या प्रकृतीची काळजी घेण्याचा स्वभाव कुठल्या फॉर्ममध्ये भरून घेणार?

तो स्वभाव किती मोठा फरक पाडू शकतो याचा पुरावा १९८० साली आलेला होता. मला तो या विषयातला सर्वांत डोळे उघडणारा आकडा वाटतो. एकदा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या अमेरिकन पुरुषांवर क्लोफायब्रेट या औषधाची चाचणी झाली होती. कोलेस्टेरॉल कमी करणारं हे औषध एका गटाला दिलं आणि दुसऱ्याला बिनऔषधाच्या गोळ्या. पाच वर्षांतल्या मृत्यूंचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच, २० टक्क्यांच्या आसपास निघालं. औषधाचा उपयोग नव्हता.

मग औषधाच्या गटातच आणखी एक फाळणी करून पाहिली. ज्यांनी किमान ८० टक्के गोळ्या नियमाने घेतल्या त्यांच्यातले सुमारे १५ टक्के दगावले. ज्यांनी गोळ्या चुकवल्या त्यांच्यातले सुमारे २५ टक्के. हे पाहून कुणीही म्हणेल की औषध उत्तम आहे, लोक ते नीट घेत नाहीत एवढंच. पण हीच फाळणी बिनऔषधाच्या गटातही केली गेली. नियमाने गोळ्या घेणाऱ्यांत पुन्हा सुमारे १५ टक्के, चुकवणाऱ्यांत सुमारे २८ टक्के. त्या गोळ्यांमध्ये काहीही नव्हतं. काहीही नसलेली गोळी नियमाने घेणारा माणूस ती चुकवणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त जगत होता. संशोधकांनी चाळीसेक वेगवेगळ्या गोष्टी हिशोबात धरून पाहिल्या, तरी हा फरक पुरता गेला नाही.

जो माणूस पाच वर्षं वेळच्या वेळी गोळी घेतो तो बहुधा जेवणही वेळेवर करतो, तपासणी टाळत नाही, दुखलं-खुपलं तर लगेच सांगतो. त्याच्या घरी आठवण करून देणारं कुणीतरी असतं. उलट, आधीच खचलेल्या, जास्त आजारी माणसाकडून गोळ्या चुकतात. ‘गोळी नियमाने घेणं’ ही या सगळ्याची खूण होती. दीर्घायुष्याचं श्रेय या सगळ्याकडे जातं, गोळीकडे नाही.

आता सहसंबंधाचा आकडा सांगतो तरी काय, तेही थोडक्यात पाहू. दोन गोष्टींच्या मापांचे दोन रकाने घ्या. एकातलं माप वाढतं तेव्हा दुसऱ्यातलंही वाढत असेल तर आकडा १ च्या जवळ येतो, एक वाढताना दुसरं घटत असेल तर उणे १ च्या जवळ, आणि एका सरळ रेषेत मांडावा असा काहीच मेळ नसेल तर शून्याच्या आसपास. एक्सेलमध्ये हे सूत्र तयारच असतं. त्यात दोन रकान्यांची अदलाबदल करून पाहा, उत्तर तेच येतं. यातच त्या आकड्याची मर्यादा आहे. कारणाला दिशा असते. पावसाने रस्ता ओला होतो, रस्ता ओला केल्याने पाऊस पडत नाही. सहसंबंधाच्या सूत्रात ही दिशा कुठेच शिरत नाही. त्यामुळे आकडा ०.३ असो नाहीतर ०.९, ‘कशामुळे काय’ याचं उत्तर त्याच्यात सापडणार नाही.

२०१२ साली एका वैद्यकीय नियतकालिकात २३ देशांचा असा मेळ छापून आला होता: दरडोई चॉकलेट किती खाल्लं जातं आणि लोकसंख्येच्या प्रमाणात नोबेल पुरस्कार किती मिळाले. सहसंबंध ०.७९, म्हणजे चांगलाच भक्कम. वर स्वित्झर्लंड, खाली चीन. श्रीमंत देशांत चॉकलेटही जास्त खपतं आणि प्रयोगशाळांवर खर्चही जास्त होतो, एवढं लक्षात घेतलं की कोडं सुटतं. पुरस्कार मिळवणाऱ्यांपैकी कुणी किती चॉकलेट खाल्लं याची तर त्यात नोंदही नव्हती. देशांच्या सरासरीवरून माणसांबद्दल बोलायची चूक आपल्याकडच्या राज्यवार आणि जिल्हावार आकड्यांच्या चर्चेतही सर्रास होते.

यावर माणसाने शोधलेला सर्वांत चांगला उपाय म्हणजे गटांची वाटणी माणसांच्या मर्जीवर न सोडणं. या उपायाच्या इतिहासात मुंबईचं एक पान आहे आणि ते फार कमी लोकांना माहीत आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग पसरला. जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबरमध्ये मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्या प्रयोगशाळेत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथे तयार असलेल्या कैद्यांना लस टोचली आणि बाकीच्यांशी तुलना केली. लस टोचलेल्यांमध्ये प्लेग कमी झाला. पण हात वर करून पुढे आलेले कैदी आणि मागे राहिलेले कैदी एकसारखे होते का? पुढे आलेले कदाचित जास्त धडधाकट असतील. मागे राहिलेल्यांत अंगात कणकण असलेले, म्हणजे प्लेग आधीच शरीरात शिरलेले असू शकतात. नर्सेसच्या बाबतीतला प्रश्न इथेही तसाच उभा राहतो.

पुढच्या वर्षी उमरखाडीच्या तुरुंगात हाफकिन यांनी पद्धत बदलली. कैद्यांना ओळीत बसवलं आणि दर दुसऱ्या माणसाला लस टोचली. बडोद्याजवळच्या उंढेरा गावात त्यांनी घरोघरी कुटुंबातल्या निम्म्या माणसांना लस दिली, म्हणजे एकाच घरात, एकाच उंदरांच्या आणि पिसवांच्या संगतीत राहणाऱ्यांची आपसात तुलना होईल. दोन्ही ठिकाणी लस टोचलेल्यांची बाजू वरचढ ठरली. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटला ज्यांचं नाव आहे त्या माणसाचं हे काम मला लसीइतकंच महत्त्वाचं वाटतं. लस गुण देते हे सिद्ध कसं करायचं, याचा विचार त्यांनी प्लेगच्या धामधुमीत केला.

‘दर दुसरा माणूस’ या पद्धतीत एक फट राहते. पुढचा नंबर कुणाचा हे आधीच कळतं, त्यामुळे टोचणाऱ्याला मनात आणलं तर ओळीत फेरफार करता येतो. ती फट बुजवायला खऱ्या अर्थाने चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये शेतीच्या प्रयोगांसाठी हा विचार पक्का केला: कुठल्या वाफ्यात कुठलं खत घालायचं ते दैवावर सोडा. माणसांवरच्या औषधासाठी तो काटेकोरपणे वापरला ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी. दुसऱ्या महायुद्धानंतर क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन आलं होतं, पण ब्रिटनला ते फार थोडं मिळत होतं, सगळ्या रुग्णांना पुरणारच नव्हतं. मग कुणाला द्यायचं हे बंद पाकिटांतल्या क्रमाने ठरवलं. ५५ रुग्णांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना त्या काळच्या रिवाजाप्रमाणे नुसती विश्रांती. सहा महिन्यांत औषधाच्या गटातले ४ दगावले, दुसऱ्या गटातले १४. हे निष्कर्ष १९४८ साली छापले गेले आणि औषधांच्या चाचण्यांचा नमुना ठरले.

चिठ्ठीमध्ये असं काय असतं? चिठ्ठीला माणसाचा स्वभाव कळत नाही, त्याचं शिक्षण, खिसा, घरची काळजी घेणारी माणसं यांतलं काहीच कळत नाही. त्यामुळे मोजलेल्या आणि न मोजलेल्या, इतकंच काय कुणाच्या डोक्यातही न आलेल्या सगळ्या गोष्टी दोन्ही गटांत साधारण सारख्या वाटल्या जातात. माणसं पुरेशी असतील तर उरणारा फरक औषधाचा. गट मोठे असल्याशिवाय मात्र हे जमत नाही. दहा-बारा माणसांत नशिबानेही वाटणी एकांगी होऊ शकते.

पण सिगारेटची चिठ्ठी कोण टाकणार? हजार तरुणांना वीस वर्षं रोज पाकीटभर सिगारेटी ओढायला लावणं शक्य नाही आणि ते कधी करूही नये. तंबाखूचा निकाल अशा चाचणीशिवाय लावावा लागला. तो ज्या चिकाटीने लावला गेला त्यातून फार शिकण्यासारखं आहे.

१९५० साली रिचर्ड डॉल आणि हिल यांनी लंडनच्या वीस रुग्णालयांतल्या रुग्णांची तुलना छापली. फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या ६४९ पुरुषांमध्ये आयुष्यात कधीच सिगारेट न ओढलेले फक्त २ होते. इतर आजारांच्या तितक्याच पुरुषांमध्ये २७. सुरुवातीला डॉल यांचा संशय सिगारेटवर नव्हता, मोटारींचा धूर आणि रस्त्यांचं डांबर यांच्यावर होता. आकडे पाहून त्यांनी स्वतःची सिगारेट सोडली. १९५१ पासून या दोघांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच प्रश्नावली पाठवून त्यांच्या सवयी नोंदवल्या आणि कोण कशाने दगावतं याची नोंद वर्षानुवर्षं ठेवली.

याला सर्वांत कडवा विरोध केला तो फिशर यांनी. चिठ्ठीचं महत्त्व ज्यांनी जगाला शिकवलं त्यांचा आक्षेप अगदी मुळावर बोट ठेवणारा होता: सिगारेट ओढणारे त्या गटात स्वतःहून गेले आहेत. ओढण्याची ओढ आणि कर्करोगाची प्रवृत्ती या दोन्हींच्या मागे एकच जनुक असेल तर? एकसारख्या जुळ्यांच्या धूम्रपानाच्या सवयी जास्त जुळतात, याचा आधारही त्यांनी दिला. फिशर तेव्हा तंबाखू उत्पादकांचे सल्लागार होते आणि स्वतः पाइप ओढायचे, हे खरं. पण म्हणून त्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागत नाही असं होत नाही.

उत्तर १९५९ साली जेरोम कॉर्नफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं. सिगारेट ओढणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग न ओढणाऱ्यांच्या नऊपट होत असेल आणि तो सगळा एखाद्या लपलेल्या जनुकाचा प्रताप असेल, तर ते जनुक ओढणाऱ्यांमध्ये न ओढणाऱ्यांच्या किमान नऊपट आढळायला हवं. सवयींशी इतका घट्ट बांधलेला कुठलाच गुणधर्म कुणाला माहीत नव्हता. हे उत्तर मला आवडतं, कारण त्यात ‘दुसरं काहीतरी असेल’ या शंकेलाही माप लावलेलं आहे. धोका दीडपट असेल तर एखादी लपलेली गोष्ट तो सहज घडवू शकते. नऊपट, दहापट असेल तर त्या लपलेल्या गोष्टीलाही तेवढंच अफाट असावं लागतं.

बाकीचे धागेही जुळत गेले. जास्त सिगारेटी, जास्त धोका. सोडल्यावर धोका हळूहळू कमी. जनुक असतं तर सिगारेट सोडली म्हणून ते शरीरातून गेलं नसतं. बायका पुरुषांनंतर काही दशकांनी ओढायला लागल्या आणि त्यांच्यातला फुप्फुसाचा कर्करोगही तितकाच मागाहून वाढला. धुरात कर्करोगकारक रसायनं सापडली. १९६५ साली हिल यांनी एका भाषणात, चाचणी शक्य नसताना सहसंबंधाकडे कसं पाहावं याचे नऊ निकष मांडले. कारण आधी, परिणाम नंतर हा त्यातलाच एक, पण कुठलाही एक निकष अटळ आहे असं त्यांनी मानलं नाही. हे सगळे त्यांनी विचाराला मदत म्हणून दिले होते, आज ते कधी कधी परीक्षेतल्या गुणांसारखे मोजले जातात तसे नव्हे.

ब्रिटिश डॉक्टरांचा अभ्यास पन्नास वर्षं चालला. २००४ च्या निष्कर्षांत आयुष्यभर ओढणारे न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षं कमी जगले. साठीत सोडणाऱ्यांनी त्यातली सुमारे तीन वर्षं परत मिळवली, पन्नाशीत सोडणाऱ्यांनी सहा, चाळिशीत नऊ, आणि तिशीत सोडणाऱ्यांनी जवळपास सगळीच. आपल्याकडे तंबाखूची गोळी, गुटखा किंवा मिश्री तोंडात जिथे धरली जाते, त्याच गालाच्या किंवा हिरडीच्या भागात कर्करोग होताना डॉक्टर पाहतात. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली तेव्हा त्यामागे असा अनेक बाजूंनी आलेला पुरावा होता.

आता रोजच्या वाचनाकडे येऊ. ‘अमुक खाणाऱ्यांना तमुक आजार कमी’ अशी बातमी दिसली की आधी गटांकडे पाहावं. थोडी दारू पिणारे अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा जास्त जगतात, असं बरीच वर्षं सांगितलं जात होतं. पण अजिबात न पिणाऱ्यांच्या गटात कोण होतं? आयुष्यभर न प्यायलेले होतेच, शिवाय यकृत किंवा हृदय बिघडल्यामुळे डॉक्टरांनी दारू सोडायला लावलेलेही होते. या आजारी माणसांमुळे तो गट वाईट दिसत होता. इथे कारणाची दिशाच उलटी आहे: दारू न पिण्यामुळे आजार झाला नव्हता, आजारामुळे दारू सुटली होती. आजारी पडून सोडलेल्यांना वेगळं काढलं की थोड्या दारूचा तो फायदा बराचसा वितळून जातो.

‘घेतलं आणि बरं वाटलं’ हा पुरावा याहून कच्चा. यात तुलनेला दुसरा गटच नसतो. माणूस औषध कधी घेतो? त्रास सर्वांत जास्त असतो तेव्हा. साधी सर्दी आठवडाभरात ओसरते, कंबरदुखी चढ-उतार करत राहते. शिखरावर असताना काहीही घेतलं तरी पुढे उतारच असतो, आणि श्रेय त्या वेळी हातात असलेल्या काढ्याला, गोळीला किंवा अंगाऱ्याला मिळतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते, त्यात निदान फांदी कधी मोडेल याचा कावळ्याला अंदाज नसतो. इथे तर आपण फांदी मोडायच्या बेताला आल्यावरच कावळा बोलावतो.

हॉर्मोनच्या गोळ्यांचा किस्साही २००२ मध्ये संपला नाही, ते सांगितलं पाहिजे. चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, बऱ्याच जणींची पाळी जाऊन दहा-दहा वर्षं झाली होती. नर्सेसच्या अभ्यासात मात्र बहुतेकींनी पाळी जाताच गोळ्या सुरू केल्या होत्या. नंतरच्या विश्लेषणांत असं दिसलं की लवकर सुरू केलं तर धोका तसा नसतो. म्हणून आजही त्रास जास्त असेल तर साठीच्या आतल्या बायकांना डॉक्टर या गोळ्या देतात, फक्त हृदयरक्षणाचं औषध म्हणून देत नाहीत. कुणी अशा गोळ्या घेत असेल तर हे वाचून स्वतःहून बंद करू नयेत. चाचणीचा निकालसुद्धा ज्या माणसांवर ती झाली त्यांच्याबद्दल सर्वांत खात्रीचा असतो.

शेवटी एक उदाहरण घरातल्या फाइलमधलं. रक्ततपासणीच्या रिपोर्टवर एलडीएल आणि एचडीएल अशा दोन ओळी असतात. पहिल्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात, दुसऱ्याला चांगलं. दोन्हींचा हृदयविकाराशी सहसंबंध पक्का आहे: एलडीएल जास्त असणाऱ्यांना धोका जास्त, एचडीएल जास्त असणाऱ्यांना कमी. मग एक कमी करणारी आणि दुसरं वाढवणारी अशी दोन औषधं शोधली की झालं, असं वाटणं साहजिक होतं.

एलडीएल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्या चाचण्यांमध्ये खऱ्या उतरल्या, झटके आणि मृत्यू कमी झाले. एचडीएल वाढवणाऱ्या टॉरसेट्रापिब या औषधाची सुमारे १५,००० रुग्णांवर चाचणी झाली. औषधाने एचडीएल सत्तर टक्क्यांहून जास्त वाढलं. पण औषधाच्या गटात मृत्यूही जास्त झाले आणि डिसेंबर २००६ मध्ये चाचणी थांबवली. त्या औषधाने रक्तदाब वाढत होता, म्हणून दोष त्याचाच असेल असं काहींना वाटलं. पण त्याच जातीचं दुसरं औषध, डालसेट्रापिब, २०१२ मध्ये निष्फळ ठरलं. एचडीएल वाढवणाऱ्या नायसिन या आणखी एका औषधाच्या मोठ्या चाचण्यांतूनही काही हाती लागलं नाही.

त्याच २०१२ साली निसर्गाने टाकलेल्या चिठ्ठ्यांवरून याचा उलगडा झाला. आईवडिलांकडून कुठला जनुकीय फरक आपल्याकडे यावा हे गर्भधारणेच्या वेळी योगायोगाने ठरतं, त्यात आपला स्वभाव, खिसा, सवयी यांचा संबंध नसतो. काही लोकांना असा जनुकीय फरक मिळालेला असतो ज्याने त्यांचं एचडीएल जन्मापासूनच जास्त राहतं. एचडीएल जर हृदय वाचवत असेल तर या लोकांना झटके कमी यायला हवेत. हजारो लोकांच्या तपासणीत ते कमी आलेले दिसले नाहीत. एलडीएल वाढवणारे जनुकीय फरक मिळालेल्यांना मात्र अपेक्षेप्रमाणे झटके जास्त येतात.

म्हणजे एकाच रिपोर्टवरच्या दोन ओळींपैकी एक कारण आहे आणि दुसरी, आजच्या माहितीप्रमाणे, बरीचशी खूण आहे. व्यायाम करणाऱ्या, सिगारेट न ओढणाऱ्या, वजन आटोक्यात असलेल्या माणसाचं एचडीएल सहसा बरं असतं. फायदा या सवयींचा असतो. पेट्रोलचा काटा हाताने वर ढकलून टाकी भरत नाही, तसं नुसत्या औषधाने एचडीएलचा आकडा वर नेऊन हृदयाला काही मिळालं नाही. काटा मात्र निरुपयोगी नाही. एचडीएल कमी असेल तर डॉक्टर धोक्याचा अंदाज वाढवून धरतात आणि तो बरोबरच असतो, कारण अंदाज बांधायला सहसंबंध पुरतो. पुढे काय करायचं हे ठरवताना मात्र ते एचडीएलची ओळ बाजूला ठेवून एलडीएल, रक्तदाब, साखर आणि तंबाखू यांच्या मागे लागतात.